तडा गेलेला धातूचा पाइप काचकापड आणि एपॉक्सीने कसा बांधावा

धातूच्या पाइपला तडा जाऊन पाणी झिरपू लागले की बहुतेकांच्या हाती सर्वांत आधी एपॉक्सीची लांबी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा, भेगा बुजवायचा चिकट लगदा (पुट्टी) येतो. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळायच्या, गोळा तड्यावर दाबायचा आणि हात धुऊन मोकळे व्हायचे. अशी दुरुस्ती कधी दोन दिवस टिकते, कधी दोन महिने, आणि मग एखाद्या रात्री तो गोळा वाटीसारखा अख्खाच्या अख्खा सुटून खाली पडतो. मी स्वतः लावलेला असा एक गोळा नंतर उचलून पाहिला, तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला पाइपवरच्या जुन्या रंगाचा पापुद्रा ब्रशच्या रेघांसकट चिकटलेला होता. एपॉक्सीने आपले काम चोख केले होते. समोर जे आले ते त्याने घट्ट धरले होते, फक्त ते धातू नव्हते, रंग होता.

तड्याची दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात दोन वेगळी कामे असतात. पाणी बाहेर पडण्याची वाट बुजवणे हे एक, आणि तड्यामुळे तुटलेला पाइपचा घेर पुन्हा बांधून देणे हे दुसरे. पहिले काम लांबी करते. दुसऱ्यासाठी तंतू लागतात, म्हणजे काचतंतूंच्या विणलेल्या कापडाची पट्टी एपॉक्सीत भिजवून पाइपभोवती गुंडाळावी लागते. आतला दाब पाइपचा घेर फाकवू पाहतो तेव्हा भिंतीवर येणारा ताण दाब गुणिले व्यास भागिले जाडीची दुप्पट इतका असतो आणि लांबीच्या दिशेने येणारा ताण त्याच्या निम्मा. पाइपच्या लांबीच्या दिशेने गेलेले तडे पटकन उघडतात याचे कारण हेच, आणि पट्टी घेराभोवती गुंडाळण्याचे कारणही तेच.

मात्र ही पट्टी फाटून निकामी झाल्याचे क्वचितच दिसते; ती सुटते. पाण्याचा दाब ३ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) आहे आणि तडा ५० मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद आहे असे धरले, तर पाणी लांबीला बाहेर ढकलते ते जेमतेम पाऊण किलो वजनाच्या जोराने. पण लांबी आणि धातू यांच्यामधली पकड कच्ची असेल आणि पाणी तिच्याखाली २० मिलिमीटर रुंदीत पसरले, तर तोच ३ बारचा दाब सुमारे ३० किलोंच्या जोराने थिगळ उचलू लागतो. म्हणजे पाणी जितके सरकेल तितका त्याचा जोर वाढतो, आणि जोर वाढला की ते आणखी सरकते. पुढे जे काही सांगितले आहे, त्यातला बराच भाग हे सरकणे सुरूच होऊ नये यासाठी आहे.

हात घालण्याआधी

काही पाइप या पद्धतीने दुरुस्त करूच नयेत. स्वयंपाकाचा किंवा इतर कोणताही ज्वलनशील वायू, इंधन तेल, वाफ आणि आग विझवण्याच्या यंत्रणेचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांना घरगुती एपॉक्सीची पट्टी बांधणे धोक्याचे आहे. दाबाखालच्या हवेच्या पाइपांचेही तसेच आहे, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि थिगळ सुटले तर ते गोळीसारखे उडते. तेल आणि वायूच्या कारखान्यांत पाइपांना तंतू व एपॉक्सीचे वेष्टन देतात हे खरे. पण तेथे आयएसओ २४८१७ किंवा एएसएमई पीसीसी-२ यांसारख्या मानकांप्रमाणे जाडी, लांबी आणि तापमान यांचा हिशेब मांडलेला असतो व काम प्रशिक्षित माणसे करतात. त्यावरून घरच्या गॅसच्या पाइपविषयी काही निष्कर्ष काढू नये.

गरम पाण्याच्या पाइपबाबत थोडा विचार करावा लागतो. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे साधे एपॉक्सी साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. ते वितळत नाही, पण त्याचा ताठरपणा जातो आणि दाबाखाली ते हळूहळू सरकते. त्यामुळे अशा पाइपसाठी उष्णता सहन करणारे एपॉक्सी निवडावे आणि डब्यावर लिहिलेली मर्यादा पाण्याच्या नेहमीच्या तापमानापेक्षा निदान २० अंशांनी वर आहे याची खात्री करावी. पिण्याच्या पाण्याचा पाइप असेल तर तड्यात भरायची लांबी पिण्याच्या पाण्याच्या संपर्कासाठी प्रमाणित केलेली हवी, कारण पाण्याला थेट भिडणारा भाग तोच असतो.

दुसरा प्रश्न तडा का गेला हा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बंद पाइपात त्याला जागा मिळाली नाही तर भिंत लांबीच्या दिशेने उकलते. असा तडा बांधला आणि पाइपला उबदार वेष्टन दिले की प्रश्न संपतो. पण तडा घेराच्या दिशेने, म्हणजे बांगडीसारखा गेला असेल, तर पाइप कुठेतरी वाकतो आहे, थरथरतो आहे किंवा आधाराविना लोंबतो आहे असे समजावे. तेथे आधी आधाराचा क्लॅम्प बसवावा, नाहीतर पट्टीच्या शेजारी दुसरा तडा दिसतो. नळ झटकन बंद केल्यावर पाइपात धाडकन आवाज येत असेल तर पाण्याचा तो आघातही कारण असू शकतो. पाइप आतून गंजून भिंत पातळ झाली असेल तर स्क्रूड्रायव्हरचे टोक तड्याच्या आजूबाजूला दाबून पाहावे. टोक रुतले किंवा पापुद्रे निघाले, तर पट्टी बांधायला तेथे धातूच उरलेला नाही आणि पाइपचा तो तुकडा बदलणे हाच उपाय आहे. स्टेनलेस स्टीलवर झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले बारीक तडे दिसले तर ते क्लोराइडमुळे ताणाखाली होणाऱ्या गंजण्याचे लक्षण असू शकते, आणि तसे असेल तर ते तडे पट्टीखालीही पुढे सरकत राहतात.

आट्यांच्या जोडावर, म्हणजे जेथे पाइप एल्बोत किंवा सॉकेटमध्ये फिरवून बसवलेला असतो तेथे तडा गेला असेल, तर माझ्या मते ही खटपट करू नये. तड्याचा निम्मा भाग जोडाच्या आत दडलेला असतो, तो घासताही येत नाही आणि भरताही येत नाही, आणि जोड बदलायला जितका वेळ लागेल त्याहून जास्त वेळ पट्टीत जातो.

सामान

काचतंतूंचे विणलेले कापड पट्टीच्या रूपात मिळते ते घ्यावे. ५० किंवा ७५ मिलिमीटर रुंदीची, चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाची पट्टी पाइपच्या गोलाईवर चांगली बसते. तुटक तंतूंची चटई स्वस्त असते, पण ती एपॉक्सीसाठी घेऊ नये. त्या चटईतले तंतू ज्या बंधकाने धरलेले असतात तो बहुधा पॉलिएस्टर या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमधल्या (कापड भिजवायच्या चिकट द्रवातल्या) स्टायरीन या द्रावकाने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे चटई ताठ राहते आणि गोलाईवर बसत नाही. कार्बनतंतूंचे कापड अधिक बळकट असले तरी कार्बन विजेचा वाहक आहे आणि ओलाव्यात तो लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला टेकला तर धातू झपाट्याने गंजतो. ते वापरायचेच असेल तर खाली काचकापडाचा एक पूर्ण थर हवा. पाण्याच्या साध्या पाइपला मात्र त्याची गरज पडत नाही.

तड्यात भरण्यासाठी पोलादाची पूड मिसळलेली एपॉक्सी लांबी घ्यावी. पोलाद तापल्यावर दर अंशाला सुमारे १२ दशलक्षांश इतके प्रसरण पावते, तांबे १७, ॲल्युमिनियम २३, आणि नुसते एपॉक्सी ५० ते ६०. लांबीतली धातूची पूड हे अंतर बरेच कमी करते, म्हणून पाइप तापला-निवला तरी भराव कडेपासून फारसा ओढला जात नाही. कापड भिजवण्यासाठी मात्र पातळ, सावकाश घट्ट होणारे दोन भागांचे एपॉक्सी लागते; एक भाग रेझिन आणि दुसरा त्याला घट्ट करणारा हार्डनर. पाच मिनिटांत घट्ट होणारे एपॉक्सी या कामाला निरुपयोगी आहे, कारण पट्टीचा दुसरा वेढा पूर्ण होण्याआधीच ते कपात गोठते.

याखेरीज ८० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, त्रिकोणी कानस, ड्रिल, ॲसिटोन, धाग्यांचे तुकडे न सोडणारी स्वच्छ फडकी, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा, नायट्राइलचे हातमोजे आणि शेवटी वर गुंडाळायला प्लास्टिकची ताणता येणारी फिल्म एवढे जवळ असावे. हातमोज्यांची टाळाटाळ करू नये. न घट्ट झालेले एपॉक्सी त्वचेला वारंवार लागले तर ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते. त्वचेवर लागलेले एपॉक्सी ॲसिटोनने पुसू नये, कारण ॲसिटोन त्वचेवरचे तेल काढून टाकते आणि रेझिनला आत शिरायला मदत करते. साबण आणि पाणी पुरे.

घासकाम

पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून खालच्या बाजूचा नळ उघडावा आणि पाइप पूर्ण रिकामा होऊ द्यावा. व्हॉल्व्ह जुना असेल आणि थेंब थेंब पाणी येतच राहिले, तर तडा कोरडा होणार नाही आणि पुढची सारी मेहनत वाया जाईल. अशा वेळी वरच्या बाजूचा दुसरा व्हॉल्व्ह शोधणे हाच सरळ मार्ग आहे. ओल्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या खास लांब्या मिळतात, पण त्यांची पकड कोरड्या धातूवरच्या पकडीइतकी नसते आणि त्यांच्याकडे तात्पुरता इलाज म्हणूनच पाहावे. जुन्या घरांत धातूचा पाइप विजेच्या अर्थिंगसाठी वापरलेला असू शकतो, म्हणून ओल्या हाताने त्याला हात लावण्यापूर्वी टेस्टरने तपासून घेतलेले बरे.

आता तड्याच्या दोन्ही टोकांपलीकडे किमान ७५ मिलिमीटरपर्यंत आणि पाइपच्या संपूर्ण घेरावरून रंग, गंज, जुनी लांबी असे सर्व काढायचे आहे. आधी तारेच्या ब्रशने सैल भाग पाडावा आणि मग पॉलिश पेपरने घासावे. तारेच्या ब्रशने धातू चकाकतो, पण ती चकाकी फसवी असते. ब्रश गंजाला घासून गुळगुळीत करतो आणि त्याचा काळपट पातळ थर धातूवर पसरवतो. हवा आहे तो खरखरीत, फिकट राखाडी धातू, ज्यावर बोट फिरवले तर पॉलिश पेपरचे ओरखडे जाणवतात. ओरखडे आडवे-तिडवे असावेत, म्हणजे पाण्याला कडेकडून सरळ सरकायला एकही चर सापडत नाही. पाइपची मागची बाजू, भिंतीकडची, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथेच लोक घाई करतात आणि गळती नेमकी तिथूनच बाहेर येते. पॉलिश पेपरची लांब पट्टी कापून, तिची दोन टोके दोन हातांत धरून, बूट पुसावा तशी मागेपुढे ओढली की ती बाजूही साफ होते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असेल तर कोरडे न घासता ओला पेपर वापरावा आणि मास्क लावावा.

धातूप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवरची पांढरी भुकटी पूर्ण काढावी. घट्ट बसलेला जस्ताचा थर खरखरीत करून ठेवला तरी चालतो. ॲल्युमिनियमवर घासल्याबरोबर ऑक्साइडचा नवा थर चढू लागतो, म्हणून तेथे घासणे आणि एपॉक्सी लावणे यांत काही मिनिटांचेच अंतर असावे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप सूक्ष्म छिद्रांत तेल आणि पाणी धरून ठेवतो. त्याला हॉट एअर गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, हात लावण्याजोगा गरम करावे, वर आलेला ओलावा पुसावा आणि हे दोन-तीन वेळा करावे.

तड्याची खरी टोके डोळ्यांना दिसत नाहीत. दिसणाऱ्या भेगेच्या पुढेही केसाएवढी चीर गेलेली असते. घासलेल्या धातूवर काळ्या मार्कर पेनाने भरपूर शाई फासावी, एक मिनिट थांबावे आणि ॲसिटोनच्या फडक्याने पुसावे. वरची शाई निघून जाते आणि चिरेत शिरलेली शाई एका बारीक काळ्या रेघेच्या रूपात उरते. ती रेघ जेथे संपते त्याच्या किंचित पुढे, दोन्ही टोकांना, ३ मिलिमीटरचे एकेक छिद्र पाडावे. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो म्हणून तडा पुढे धावतो. गोल छिद्रात तो ताण पसरतो आणि धाव थांबते. त्यानंतर कानशीच्या कडेने तड्यावर भिंतीच्या निम्म्या जाडीपर्यंत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा चर काढावा, म्हणजे लांबीला शिरायला आणि धरायला जागा मिळते. तांब्याच्या पातळ पाइपवर हा चर फार खोल नेऊ नये, नुसती कड मोडली तरी पुरे.

ड्रिल आणि ग्राइंडरचे काम संपल्यावरच ॲसिटोनची बाटली उघडावी, कारण त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते. पुसताना फडके एकाच दिशेने फिरवावे आणि दर वेळी नवी घडी वापरावी. एकाच मळक्या फडक्याने मागेपुढे पुसणे म्हणजे तेलकटपणा एका जागेवरून दुसरीकडे नेणे. फडक्यावर काळेपणा उमटायचा थांबला की पृष्ठभाग तयार झाला. यानंतर धातूला उघड्या बोटाने स्पर्श करू नये आणि काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये, कारण दमट हवेत उघड्या लोखंडावर तासाभरातही गंजाची पिवळसर छटा चढू शकते. थंड पाइपवर दव जमत असेल तर तो आधी कोमट करावा. पाइपचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर असले पाहिजे, असा रंगकामातला नियम येथेही लागू पडतो.

भराव

लांबीच्या कांडीचा हवा तेवढा तुकडा कापून हातमोज्यातल्या बोटांनी तो मळावा. दोन रंगांच्या रेषा पूर्ण नाहीशा होऊन एकच रंग येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन मिनिटे, मळणे आवश्यक आहे. मळताना ती किंचित कोमट लागू लागते, हे ती जागी झाल्याचे चिन्ह. सगळा गोळा एकदम तड्यावर थापू नये. आधी चिमूटभर लांबी घेऊन ती अंगठ्याच्या जोराने चरात आणि दोन्ही छिद्रांत रगडावी, जेणेकरून हवा बाहेर पडेल आणि धातू ओला होईल. मग उरलेली वर बसवावी आणि कडा पाइपच्या पृष्ठभागाशी पातळ करत न्याव्यात. उंचवटा एक-दोन मिलिमीटरपेक्षा अधिक नको, कारण त्यावरून कापड नेताना दोन्ही बाजूंना पोकळी राहते.

जवळपास जोड किंवा कॉलर असेल आणि पट्टी तिच्यावरून न्यायची असेल, तर त्या पायरीच्या कोपऱ्यातही लांबी भरून उतार तयार करावा. कापड कोपऱ्यात दुमडत नाही, ते पुलासारखे वरून जाते आणि खाली पाण्याला रस्ता मोकळा राहतो. लांबी चामड्यासारखी टणक झाली, पण नखाचा ठसा अजून उमटतो आहे, अशा वेळी पट्टी गुंडाळायला घ्यावी; तेव्हा वरचे रेझिन तिच्याशी रासायनिक रीत्या जुळते. ती पूर्ण घट्ट झाली असेल तर पृष्ठभाग पुन्हा घासून पुसून घ्यावा.

मिश्रण

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेले असते आणि ते वजनाने आहे की आकारमानाने, हे नीट वाचावे. रेझिन हार्डनरपेक्षा जड असल्यामुळे दोन्ही प्रमाणे एक नसतात. पॉलिएस्टर रेझिनशी काम केलेल्या माणसांना हार्डनर थोडा जास्त घातला की काम लवकर उरकते अशी सवय असते. एपॉक्सीत ती सवय महागात पडते. येथे रेझिनचा प्रत्येक रेणू हार्डनरच्या रेणूशी जुळायचा असतो आणि जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना मधेच अडकून राहतो, त्यामुळे पट्टी चिकट किंवा रबरासारखी राहते आणि कितीही दिवस थांबले तरी सुधारत नाही.

किती लागेल याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. पाइपचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर असेल तर घेर सुमारे १९० मिलिमीटर होतो. तडा ५० मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटर धरले तर पाइपचा २०० मिलिमीटर भाग झाकायचा असतो. सहा थरांना मिळून पाव चौरस मीटरपेक्षा थोडे कमी कापड, म्हणजे ७५ मिलिमीटर रुंदीची सुमारे ३ मीटर पट्टी लागते. तिचे वजन ४५ ग्रॅम भरते आणि हाताने भिजवताना साधारण तेवढेच मिश्रण कापड पिते. सांडलवंड आणि पाइपवरचा पहिला हात धरून ८० ग्रॅम करावे. सहा थरांची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास होते आणि ३ बार दाबाला त्यावर केवळ ६ मेगापास्कल ताण येतो, जो अशा कापडाच्या ताकदीपुढे किरकोळ आहे. म्हणून आणखी दहा थर चढवून मनाचे समाधान करण्यात अर्थ नाही. तोच वेळ घासण्याला द्यावा.

मिश्रण दोन-तीन मिनिटे ढवळावे, कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहावे आणि मग ते दुसऱ्या स्वच्छ, पसरट भांड्यात ओतून पुन्हा ढवळावे. पसरट भांडे एवढ्यासाठी की ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. खोल कपात ती साठते, मिश्रण तापते, तापल्याने क्रिया आणखी वेगाने होते आणि काही मिनिटांत कपातून धूर येऊ शकतो. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले तर हाती असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो.

गुंडाळणे

प्रथम घासलेल्या संपूर्ण भागावर ब्रशने मिश्रणाचा पातळ हात द्यावा आणि तो पाइपवर रगडावा. पट्टीचे टोक तड्यापासून लांब, पण घासलेल्या भागाच्या आत टेकवावे आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्या रुंदीवर येईल असे गुंडाळत जावे. त्यामुळे एका फेरीत दोन थर पडतात आणि तीन फेऱ्यांत सहा होतात. पट्टी हाताने ताणून धरावी, पण इतकीही नाही की रेझिन सगळे पिळून निघेल. पांढरे कापड भिजले की काचेसारखे पारदर्शक होते आणि खालची लांबी त्यातून दिसू लागते. जेथे चंदेरी ठिपका उरतो तेथे हवा अडकलेली आहे. तो ब्रशच्या टोकाने टोचत कडेकडे ढकलावा. पहिल्या दोन थरांत असे ठिपके राहू देऊ नयेत, शेवटच्या थरात एखादा राहिला तरी चालतो.

तडा घेराच्या दिशेचा असेल तर गुंडाळण्यापूर्वी कापडाचे दोन-तीन लांबट तुकडे पाइपच्या लांबीच्या दिशेने, तड्यावरून आरपार, चहूबाजूंनी बसवावेत, कारण तेथे ताण लांबीच्या दिशेने धरायचा आहे. वळणावर रुंद पट्टीला आतल्या बाजूने चुण्या पडतात, म्हणून २५ मिलिमीटरची अरुंद पट्टी वापरावी.

शेवटी वरून प्लास्टिकची फिल्म त्याच दिशेने घट्ट गुंडाळावी आणि टाचणीने तिला भोके पाडावीत. भोकांतून जास्तीचे एपॉक्सी मोत्यांसारखे बाहेर येते आणि थर एकमेकांवर दाबून बसतात.

वाट पाहणे आणि तपासणे

२० ते २५ अंशांना २४ तास पाइपला हात लावू नये आणि दाब देण्याची घाई करू नये. पूर्ण ताकद यायला साधारण सात दिवस लागतात. थंडी असेल तर मिश्रण घट्ट होऊ लागल्यानंतर दिव्याची किंवा हॉट एअर गनची सौम्य ऊब द्यावी, पण आच दाखवू नये. फिल्म काढल्यावर पृष्ठभाग मेणचट लागला तर घाबरण्याचे कारण नाही. दमट हवेत हार्डनरचा काही अंश वर येऊन हा थर बनतो आणि तो कोमट पाण्याने व घासणीने निघतो. मात्र आणखी थर किंवा रंग द्यायचा असेल तर तो काढल्याशिवाय देऊ नये. नख रुतत नाही हे पाहून नाण्याने पट्टीवर सर्वत्र टिचकी मारावी. स्वच्छ, टणक आवाज यायला हवा. आवाज बद्द आला तर खाली पोकळी आहे.

व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून पाइपातली हवा एखाद्या उघड्या नळातून बाहेर जाऊ द्यावी आणि मगच दाब पूर्ण होऊ द्यावा. पट्टीच्या दोन्ही कडांना कोरडा टिश्यू कागद गुंडाळून अर्धा तास ठेवावा, कारण डोळ्यांना न दिसणारा पाझर त्यावर डाग म्हणून उमटतो. हवेच्या कॉम्प्रेसरने चाचणी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने हीच तपासणी पुन्हा करावी आणि पट्टीच्या कडेला मार्करने रेघ ओढून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे कडेखालून गंजाची रेषा पुढे सरकते आहे का हे पुढच्या वेळी कळते.

पाझर दिसलाच तर वरून आणखी लांबी फासण्याचा मोह टाळावा, कारण पाणी ज्या वाटेने येते आहे ती खालीच आहे आणि वरचा थर ती फक्त झाकतो. पाइप रिकामा करावा, पट्टीला लांबीच्या दिशेने कानशीने किंवा करवतीच्या पात्याने चीर द्यावी, दारे-खिडक्या उघड्या ठेवून हॉट एअर गनने ती मऊ होईपर्यंत तापवावी आणि पक्कडीने सोलून काढावी. सोललेल्या पट्टीची आतली बाजू उजेडात धरून पाहावी. जेथे तिच्यावर धातूच्या ओरखड्यांचा स्पष्ट ठसा उमटला आहे तेथे पकड चांगली होती, आणि जेथे ती गुळगुळीत, तेलकट किंवा तपकिरी दिसते, पाइपवरच्या नेमक्या त्याच जागेपासून पुन्हा घासायला सुरुवात करावी.